खरी नक्कल

जुन्याचा पंखा गेले सहा महिने
पिठाच्या गिरणीसारखा वाजतोय.
खानापुरात, तहसील कचेरीसमोर, गाळा नंबर चार;
चौदा वर्षं राबवलंय मी त्याला.
वाटणीपत्रं, संमतीपत्रं, नावदुरुस्तीचे अर्ज,
वारसांच्या यादीत लिहायच्या राहून गेलेल्या बहिणी.

नवा आणला बेळगावहून, बसमध्ये, मांडीवर धरून.
कंडक्टरनं खोक्याकडं बघितलं, लगेज लावलं नाही.
"इरली अक्का," म्हणाला.

इराण्णा फोनवरून शिकवतो:
"आधी मोजा, मग हलवा."
मोजल्या. एकवीस हजार तीनशे आठ फायली.
नवीन फोल्डर नावाचे फोल्डर बेचाळीस,
एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात
चहाच्या उधारीची यादी.
फायनल. फायनल दोन. फायनल खरं.
फायनल खरं साहेबांनी सांगितलेलं.
पुसायला बोट नेलं,
आणि चुलीवरून दूध उतरवल्यासारखं मागं घेतलं.

पक्षकारांच्या यादीत
पुंडलिक यल्लाप्पा घाडी,
पुंडलीक येल्लाप्पा गाडी,
पुंडलिकप्पा वाय. घाडी.
मशीन म्हणतं, माणसं तीन.
मी ओळखते की ह्याला, गर्लगुंजीचा.
तिघांचाही डावाच गुडघा दुखतो.
एका ओळीत बसवला त्याला,
तर उतारा एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या,
बँकेचं पुस्तक तिसऱ्या.
परत तिघं वेगळे केले. हेलपाटे घालू दे
ज्याचे त्यानं.

दोन हजार अकराच्या आधीचं सगळं
जुन्या फॉन्टात. नव्यानं उघडलं
तर नुसते चौकोन,
ओळीनं, रोप लावायच्या आधीचे वाफे जसे.
मराठीचे तसेच, कन्नडचेही तसेच.
कुठला अर्ज कुठल्या भाषेत केला होता
ते तलाठ्यालासुद्धा सांगता आलं नसतं.
तरी घेतले सगळे. कुणी सांगावं,
एखादा फॉन्ट सापडेल एखाद्याच्या माळ्यावर.

त्रेसष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
अंधारात मी आणि दोन कॉम्प्युटर,
काही इकडं, काही तिकडं,
काही नेमकं वायरीत.
हेस्कॉमला फोन लावला, त्यांनी उचलला नाही.
शेजारच्या झेरॉक्सवाल्या मुजावरांनी
मेणबत्ती दिली, आणि एक वडा.

लाईट आली तेव्हा पडद्यावर प्रश्न होता:
ही फाईल दोन ठिकाणी आहे,
दोन्हीकडं बदल झालेत. कुठली ठेवू?

सुलोचना बिर्जे, हलशी. हक्कसोडपत्र.
पेनड्राईव्हवरची चार वाजून दहाची,
मशीनवरची चार पस्तीसची.
उघडून शेजारी शेजारी लावल्या.
शब्दन् शब्द सारखा,
फक्त दहाच्या प्रतीत शेवटी एक ओळ जास्त:
विहिरीचं पाणी मला राहील.

आठवलं. ती बाकावर बसून सांगत होती,
भाऊ बाहेर चप्पल घालून उभे.
मग एक आत आला, हळू बोलला काहीतरी.
ती म्हणाली, "काढा ती ओळ, ताई. जाऊ दे."
मी काढली. बॅकस्पेस धरून ठेवलं
की अक्षरं किती पटकन जातात.
साठ रुपये घेतले, छापली,
आणि झेरॉक्सवर माझ्याच हातानं शिक्का मारला:
खरी नक्कल.

नियम आहे, उशिराची ती खरी.
कोर्टात तेच, कचेरीत तेच,
मशीनसुद्धा त्याच प्रतीवर
निळी रेघ मारून वाट बघत होतं.

सकाळी इराण्णानं मोजायला लावलं.
"एकवीस हजार तीनशे नऊ? एक जास्त भरतेय, अक्का.
कुठली ते शोधून काढू या?"
गाळ्याचं शटर अर्धं वर होतं,
खाली कुणाचे तरी पाय येऊन थांबलेले,
चिखलाचे, हातात पिशवी कागदांची.

"इरली," म्हटलं,
आणि जुन्याचं बटण दाबलं.
पंखा थांबायला बराच वेळ घेतो.