धुकं पातळ हवं

येल्गावातला एक डिस्को बुडाला,
त्याच्या लिलावातून उचललं मी हे यंत्र.
चाळीस युरो. सोबत अर्धा कॅन गोडसर वासाचा द्रव
आणि नळीच्या तोंडाशी चिकटलेली
कुणाच्यातरी तरुणपणाची चमकी.

"घरात धूर?" स्काइद्रीते म्हणाली.
धूर नव्हे, धुकं. आणि तेही पातळ.
धूर भिंतीसारखा उभा राहतो, प्रकाश गिळतो.
हे गवळ्याने दुधात घातलेल्या पाण्यासारखं:
असतं, पण सापडत नाही.

धोक्याच्या घंटेवर तिचीच आंघोळीची टोपी चढवली.
वरच्या मजल्यावर झिनाइदा पेत्रोव्नाला सांगून आलो,
कारण मागे माझे दोन मासे करपले
तर तिने अग्निशमन दल बोलावलं होतं.

लेझर फडताळाच्या माथ्यावर, नजरेच्या वर.
लावला, तर समोरच्या भिंतीवर एक हिरवा ठिपका.
बस्स.
अख्खी खोली ओलांडून आलेला
आणि वाटेत कुठेच नसलेला.
"एवढ्यासाठी चाळीस युरो?"

तिच्या नावाचा अर्थ आमच्या भाषेत निर्मळ.
बेचाळीस वर्षं तिने घर नावाला जागवलं.
गालिचे बर्फावर आपटले, काचा पुसल्या,
कवडशातसुद्धा धूळ दिसू दिली नाही.
मी तेव्हा रेडिओ कारखान्याच्या सांस्कृतिक भवनात
शिडीवर बसून रंगीत काचा फिरवायचो.
तिथे किरण आपोआप दिसत.
खाली पाचशे माणसं
सिगारेटी ओढत, नाचत, श्वास सोडत असत.

यंत्राने सुस्कारा टाकला.
आता दहा मिनिटं थांबायचं, मी म्हटलं,
घाई केली की नुसते ढग होतात.
ती थांबली. विणकाम खाली ठेवून.

आणि मग हवेतून ती रेघ उगवली.
फिरता आरसा लावला, तशी रेघ पसरून पान झालं,
हिरवं, डोक्यावर ताणलेलं,
तळ्याचा पृष्ठभाग खालून पाहावा तसं.
आम्ही दोघं तळाशी.
रीगाच्या पुर्व्‌चिएम्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर, जानेवारीत.

फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात
तळं ठरत नव्हतं.
वारं प्यायलेल्या वासरासारखं उधळत होतं.

तिने बोट दाखवलं. बोलली नाही.
एकोणनव्वदच्या हिवाळ्यापासून बोलतच होती:
तिथून वारा येतो.
मी ओला तळवा धरून पाहिला होता, मेणबत्तीही धरली होती.
ज्योत हलली नव्हती.
किंवा हलली असेल,
मी तेव्हा बातम्या ऐकत होतो.
"भास आहे तुझा," म्हणालो, आणि आणखी एक शाल आणून दिली.
म्हणजे विषय संपवला.

आता ती मान मागे टाकून हळूच फुंकर घालते.
पानावर एक भोवरा उमटतो,
तिच्या श्वासाएवढा,
दिव्याच्या काचेला हेलकावत टाळतो आणि
त्या कोपऱ्यापाशी जाऊन फाटतो.
पुन्हा एक. पुन्हा.
इतकी वर्षं शेजारी झोपलो,
हा आकार पाहिला नव्हता.

मी उठलो. कापूस आहे का कुठे, चिकटपट्टी,
फट बुजवतो, आत्ताच बुजवतो.

"बस खाली," ती म्हणाली.
"इतके हिवाळे राहिली ती.
अजून दहा मिनिटं राहू दे."