टोपीखाली

आठवीच्या फळ्यावर लिहिलं :
कीप इट अंडर युअर हॅट.
"टोपी घालणे," मागून कुणीतरी ओरडलं,
"म्हणजे गंडवणे, सर!"
हसू ओसरेपर्यंत मी हातावरचा खडू झटकला.
नाही रे. घालायची नाही, झाकायची.
या कानाचं त्या कानाला नाही.
आपलीच आळीमिळी गुपचिळी,
फक्त साहेबाच्या डोक्यावर बसलेली.
आता वाक्यात उपयोग.

खिडकीतून सुकटीचा वास,
खाली देवगड बंदरात बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर.
दुर्वेश कुबल उठला. हा एरवी
हजेरीलाही बाकाकडे बघून 'येस' म्हणतो.
"माझ्या बापाशीच्या टोपयेत खराच कागद आसा, सर.
अस्तरात. घोळ गावता थयचो आकडो."
आणि पाढा म्हणावा तसा म्हणून टाकला :
सोळा अंश,
पुढचं मी इथे लिहीत नाही.

वर्गात सात होड्यांची पोरं.
यंत्र त्याच क्षणी थांबलं, किंवा मला तसं वाटलं.
मग त्याचं त्यालाच कळलं. आधी कान लाल झाले.
"वाक्य इंग्रजीत हवं होतं,"
एवढंच सुचलं मला. "बस."

माझं गाव घाटाच्या पायथ्याशी,
समुद्र मला कळतो तो बाजारभावापुरता.
तरी पहाटे चहाच्या निमित्ताने जेटीवर गेलो.
होड्या सुटल्या.
कोण कुठे वळतंय, काळोखात उमगेना,
सगळ्यांचे दिवे सारखेच.

शनिवारी वह्या तपासायला घेतल्या.
स्वरांगी खवळे, दुसरं बाक.
तिच्या घरचे आणि कुबल
जाळं कापल्यावरून तीन वर्षं बोलत नाहीत.
समासात तिने घाईघाईने काही टिपलेलं,
सुरुवातीचा एक तेवढा शिल्लक,
बाकीचं बोटाला थुंकी लावून
इतकं घासलेलं की कागदच गेला.
वाटाण्याएवढं भोक.
पुढे 'वाक्यात उपयोग करा',
आणि कोरी ओळ.

मी लाल पेन उघडलं.
भोकाशेजारी बरोबरची खूण केली,
हलक्या हाताने,
फाटू नये आणखी.

"एवढं काय हसताय?" बायकोने आतून विचारलं.
म्हटलं, काही नाही.
वह्या.