चौथा ठोका

ऑक्टोबर. प्रिटोरियात जॅकरँडाचा सडा,
जांभळा, ओलसर, बुटांना चिकटणारा.
फुलं बघायला येतात ती माणसं वेगळी.
मला बोलावतात
फुलं अडकल्यावर.

फोनवर द्रिका बेझुइडनहौट, वय एक्याऐंशी.
चाळीस वर्षं पियानो शिकवला,
आता डोळ्यांत दूध सांडल्यासारखा मोतीबिंदू.
माझं नाव सेलो, ती हट्टानं चेलो म्हणते.
"चेलो, माझा पूलमधला किडा
सकाळपासून तिनात चालतोय."
"म्हणजे?"
"चार ठोके असायचे. आता तीन,
आणि मग एक खड्डा."

आधी टोपली उघडली.
मूठ मूठ जांभळा लगदा, बाटलीचं बूच,
एक बेडूक, पोहता येऊनही बुडालेला.
सगळं झाडाखाली ओतलं, पंप सुरू केला.
तिनं खुर्चीच्या हातावर चार बोटं ठेवली,
करंगळी उचललेलीच राहिली.
"नाही."

मग नळी. बारा तुकडे जोडलेलं लांबच लांब पडवळ.
भिंतीतल्या तोंडातून बुडबुडे येत होते,
पंपाला उचकी लागली होती.
लोक म्हणतात, पंपच बदला.
पंपाचा दोष क्वचित असतो.
ओढणाऱ्या नळीला चीर पडली
तर ती गळत नाही, हवा पिते,
म्हणून जमीन कोरडी आणि कुणाला संशय येत नाही.
एकेक तुकडा वाकवून पाहिला.
सातव्याला केसाएवढी फट.
बदलला. बुडबुडे थांबले.

"आता साडेतीन," ती म्हणाली.

मला थोडा राग आला. वीस वर्षं हे काम करतोय,
अर्धा ठोका कुणी मला दाखवला नव्हता.
किडा उलटा केला, पोटातला पडदा काढला,
काळं रबर, वासराच्या जिभेएवढं.
उन्हात धरलं. भोक नाही, चीर नाही.
तळव्याची रबरी झालर पाहिली, तीही धड.
मग घशात बोट घातलं,
कोपरापर्यंत हात भिजला, आणि नखाला लागली
जॅकरँडाची वाळकी शेंग, अर्धीच,
जोडीदार हरवलेल्या चिपळीसारखी.

नळीला पुन्हा पाणी पाजलं
शेवटची हवा निघेपर्यंत.
किडा बुडाला, तळ धरला, चालू लागला.
टक टक टक टक.

"किंचित घाई."
व्हॉल्व्ह पाव फिरवला.
"अजून. अजून. थांब!"
तिचा हात हवेत होता,
समोर आठ वर्षांचं कुणी बसल्यासारखा.

पाणी अजून हिरवट होतं, मी तसं सांगितलं.
"असू दे. हिरवं काय, निळं काय,
मला आता दोन्ही सारखंच.
हा थांबला की रात्र मोजता येत नाही."
बिलात लिहिलं: नळीचा तुकडा एक, मजुरी.
शेंगेचं काय लिहिणार?
ती तिनं ठेवून घेतली,
निघताना पाहिलं तर नखानं वाजवत होती.

ममेलोडीला घरी पोचलो तेव्हा
बोनोलो बादल्यांची रांग लावून बसलेली.
तिसरा दिवस, पाणी नाही.
माझ्या अंगाला मात्र क्लोरिनचा वास.
तिनं नळ सोडला.
नळ खोकला, गंज थुंकला,
मग नुसती हवा. तीन ठोके आणि खड्डा.
"पापा, तुम्ही हेच दुरुस्त करता ना?"

मी तोटीला कान लावला.
टेकडीवरच्या टाकीपासून आमच्या दारापर्यंत
किती तुकडे असतील,
आणि त्यातला सातवा
कुणाच्या अंगणाखालून जातो?