नाडी

सव्वादोन मीटर पॉपलीन, घाटकोपरहून,
मीटरला पासष्ट.
रंग विचारला तर आई म्हणाली,
आतला कोण बघतंय, मळखाऊ आण.

मशीन फिलोमिनाचं, गुरुवारपुरतं.
साबणाच्या चिपटीनं सहा कळ्या आखल्या,
वर अरुंद, खाली रुंद.
खोली एवढीच, की कापड उलगडलं
तर आईला पाय कॉटवर घ्यावे लागतात.

माप द्यायला तिनं निऱ्या सैल केल्या
आणि दिसला
कमरेभोवती काळा वळ,
वाळत घातलेल्या कपड्यावर
गंजक्या तारेचा उठतो तसा.
दुखतं का?
आता कुठलं दुखतंय.

मग मी नाडी ओवलीच नाही.
चार बोटं रुंद पट्टा,
आत तिच्याच विटक्या पातळाचं अस्तर,
बाजूला दोन हूक,
आणि दुधाच्या पैशांपुरता चोरखिसा.
एक कळी उलटी लागली, उसवली.
दोरा तुटला, फिलोमिना दारातून हसली,
शेवटच्या टिपेला वीज गेली
तेव्हा हातानं चाक फिरवलं.

रात्री नेसून तिनं
ओट्यापासून दारापर्यंत दोन येरझारा घातल्या.
चोरखिसा चाचपला.
बरा झालाय, म्हणाली,
पण सुटेल की काय, असं वाटत राहतं गं.
नाही सुटत.
तसं नाही. काहीतरी आवळलेलं असलं
की माणूस कामाला लागतो.

सकाळी ती डब्यासकट सातलाच गेली.
मोरीत बादलीत जुना परकर,
नेफा रिकामा.
खिडकीत माझी कात्री
आणि उघडी सेफ्टी पिन.