परात

तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे
आपल्याकडं रात्रीचा दीड.
म्हणून सणगर सरांची स्कूटर सव्वालाच
कसबा बावड्यात येऊन थांबते. हॉर्न नाही.
आई उकडलेला बटाटा देते, अळणी.
तांबड्या रश्श्याचं नाव काढायचं नाही.

रेंजवर सर परातीवर उलथनं बडवतात,
मोबाईलवर परक्या भाषेतली घोषणा लावतात,
मध्येच विचारतात, "लाईट बिल भरलंस काय गं?"
मी अर्धा श्वास सोडून थांबते.
काळजाच्या दोन ठोक्यांमध्ये एक बोळ असतो,
तिथनं जायचं, म्हणतात,
कुणाला न उठवता.

सर कधी विमानात बसलेले नाहीत.
यादीत यंदाही त्यांचं नाव नाही.
परवा म्हणाले, तुझी फायनल सुरू झाली की
मी इथं परात घेऊन बसतो.

वाजवणार नाही.