ठरावाच्या बाजूने

पत्रकावरचं अक्षर माझं आहे.
रिक्षातून एक पोरगा अंगणात टाकून गेला,
तेव्हा आधी अक्षर ओळखलं, मग मजकूर.
'ठ'चं पोट जरा फुगीर, काना तिरका,
विट्याच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं
सभागृहातल्या खिडकीकडच्या टेबलाशी बसून लिहिलेलं.
प्रथमेश भांबुरेनं माहितीच्या अधिकारात मागवलं,
पानाला दोन रुपये भरले,
आणि नगराध्यक्षपदाला उभे असलेले हणमंतनाना म्हेत्रे
आता चौकाचौकात माझ्या अक्षरात उभे आहेत.

सन ब्याण्णव, पाणीपट्टी दुप्पट : बाजूने.
सन दोन हजार एक, रात्री दहानंतर माग बंद : विरोधात.
सन दोन हजार नऊ, रात्री दहानंतर माग बंद : बाजूने.
खाली लाल शाईत, हे मात्र माझं अक्षर नाही,
"नाना, नक्की कुठला हात खरा?"

इतिवृत्तात हात मोजायचे असतात.
हात कशानं वर गेला, त्याला रकाना नसतो.
ब्याण्णवला नवव्या दिवशी पाणी यायचं,
पंप जळालेला, तिजोरीत सतरा हजार.
नऊ साली खालच्या आळीतली एक बाई
दहावीला बसलेल्या पोरीला घेऊन
सभागृहाच्या दारात तीन तास उभी होती,
काही न बोलता.
नानांचे स्वतःचे चोवीस माग.
हात वर करताना त्यांनी दाराकडं पाहिलं नाही.
मी पाहिलं,
आणि लिहिलं : बाजूने, अकरा.

पण ठराव क्रमांक एकशे अठरा,
बागेचं आरक्षण उठवण्याचा,
त्याबद्दल मला विचारू नका.
मी तिथंच होतो. भजी आली होती.
सगळे हात एकदम वर गेले, सर्वानुमते.
आता तिथं मंगल कार्यालय आहे.
माझ्या थोरलीचा निकाह तिथंच झाला,
निम्म्या भाड्यात.

परवा रात्री नाना आले,
गल्लीतला दिवा गेलेला बघून.
"तांबोळी, चष्मा घरी राहिला. वाच जरा."
मी वाचत गेलो. मध्येच म्हणायचे, "हे मी?"
"तुम्हीच."
"का बरं केलं असेल?"
काही ठिकाणी मी सांगितलं,
काही ठिकाणी दोघंही पंख्याकडं बघत राहिलो.

आमच्या भागातली माणसं देशभर सोनं गाळतात.
त्यांना विचारा, मुशीत काही टाकलंच नाही
तर खोट निघणार कशातून.
प्रथमेशचा हात स्वच्छ आहे,
सत्तावीस वर्षांचा, अजून कुठं वर न गेलेला.
पोरगा वाईट नाही. सहाशे पानं वाचली त्यानं,
एवढी तर सभासदांनी सही करतानाही वाचली नव्हती.

नानांचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय.
प्रचारात हात छातीपर्यंत येतो आणि थांबतो.
लोक हसतात : बघा, अजून ठरत नाही.

त्या सभागृहात एकतीस वर्षं
मला सोडून सगळ्यांना मत होतं.
आज शाळा नंबर चारमध्ये
पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटा.
बटण दाबलं. लांबलचक आवाज झाला.
बाहेर, चुन्याच्या रेघेपलीकडं,
प्रथमेश हात जोडून, नाना अर्धे जोडून.
दोघांनीही माझ्या तोंडाकडं पाहिलं.
मी बोटावरची शाई बघत घरी आलो.
कुणी काही लिहून घेतलं नाही.