पाण्याची वाट

रुस्तावीत, सातव्या मजल्यावर, रात्री एक वाजता
मी पुन्हा भट्टीत उतरते.
भट्टी म्हणजे नकाशा, शेवटचा.
चाळीस लेव्हलच्या आत कुणाला फाटक उघडत नाही,
उघडलं तर पस्तीस मिनिटं, बस.
अंगावरचं सगळं पणाला: चिलखत, उसनी बंदूक,
आठवडाभर साठवलेल्या मलमपट्ट्या.
जिवंत बाहेर आलीस तर तुझं.
नाहीतर ज्याला सापडेल त्याचं.

कानात उचा, कुतैसीहून.
त्याच्या मागे त्याचं लेकरू खोकतंय.
"त्सिरा, खिडक्या बघ," तो म्हणतो,
"इथं खिडक्यांत माणसं पिकतात."

माझ्या मागे खाटेवर बाबा, गुडघ्यावर बशी.
ते अक्रोड फोडतात
आणि मी दचकते. दर वेळी.

"फाटकातून कशाला जातेस?"
दुसरी वाट नाही, बाबा.
"असते. कुठल्याही कारखान्याला असते.
पाणी कुठून बाहेर पडतं ते बघ."

आणि होती.
मळीच्या ढिगामागे, गंजलेला पाइप, माणूसभर.
अकरा वेळा मेले मी या नकाशात,
अकराही वेळा त्याच्यावरून धावत गेले होते.

आत लूट अशी की नजर ठरत नाही.
सोन्याचं घड्याळ, लष्करी दुर्बीण, कुलूपबंद पेटीतली औषधं.
मी हावरटासारखी बॅग भरते,
आणि मागून, घास चावत:
"चमकतं ते ठेव खाली.
वर क्रेनच्या खोलीत जा. मोटर असेल. तांबं काढ."
क्रेनच्या खोलीत कुणी जात नाही. शिडी उघडी आहे.
गेले. होतं. तीन आठवड्यांच्या कमाईचं वाइंडिंग,
धुळीत, कुणी हात न लावलेलं.

"तुझे बाबा कितव्या लेव्हलला आहेत गं?" उचा विचारतो.

"त्र्याण्णव साली," बाबा म्हणतात,
आणि थांबतात. अक्रोडही थांबतो.
"गॅस नाही, वीज नाही. पगार मागच्या वर्षीच संपलेला.
जिथं अकरा वर्षं हजेरी लावली
तिथंच रात्री चोरासारखे शिरलो, मी आणि नोदार.
चोरासारखे कसले. चोरच."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक,
असं हसत म्हणणार होते मी.
तेवढ्यात गोळी.

"डावीकडून," उचाचा आवाज, "पळ."
पडद्यावर तो जिन्यात उताणा.
कानात लेकरू अजून खोकतंय.
सहा मिनिटं उरलीत, आणि माझी बॅग गच्च.

"त्याचं काहीतरी घेऊन नीघ."
जागा नाही, बाबा.
"तांबं टाक."
मी वळून बघते. ते माझ्याकडे बघत नाहीत.
"तांबं टाक म्हणतो ना."

टाकलं.
जे हाताला लागलं ते उचललं,
पाइपातून सरपटत निघाले, पडद्याच्या कडा लाल,
मागे बुटांचे आवाज, एकाचे, मग दोघांचे,
पुढे हिरवा धूर. सात. सहा. श्वास माझाच की खेळातला.
दोन. एक.

"काय आणलंस?" उचा.
तुझी टोपी.
तो इतका हसला की लेकरू जागं झालं.
"वेडे, टोपी दुकानात फुकट मिळते!"

मी हेडफोन काढले.
बाबा उठले होते, टरफलं खिशात भरत,
दाराजवळच्या वाटीत लिफ्टसाठी नाणं शोधत.
या इमारतीत खाली जाणं फुकट.
वर यायचं तर पैसे पडतात.

बाबा, नोदार?

"केबल त्याच्या खांद्यावर होती,"
ते वाटीत बघत म्हणाले.
"केबल मी आणली.
त्या हिवाळ्यात तुझी आई दिवसांत होती.
स्टोव्ह घेतला."

एक नाणं मिळालं. त्यांनी आणखी एक उचललं,
तळहातावर दोन्ही जरा वेळ धरली,
मग एक परत ठेवलं.

लिफ्ट खाली गेली, तिच्या नेहमीच्या खडखडाटात.
पडद्यावर टोपी, शून्य किमतीची.
विकायची का, खेळ विचारतोय.
मी अजून बटण दाबलेलं नाही.